गॅस गिझर: वास नाही म्हणजे धोका नाही?

ठाण्यातल्या सोसायट्यांत गिझरचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: "गॅसचाच घ्या, काही झालं तर वास येतोच." वास येतो तो न जळलेल्या गॅसचा, त्यासाठी त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात. बाथरूममध्ये जीव घेतो तो बहुधा कार्बन मोनॉक्साइड, आणि त्याला ना वास ना रंग. बंद जागेत प्राणवायू कमी पडला, निळी ज्योत पिवळी झाली, की तो तयार होतो. डोकं जड होतं, चक्कर येते, कडी काढायचंही त्राण उरत नाही. गिझर बाथरूमबाहेर, हवेशीर जागी बसत नसेल तर सरळ विजेचा घ्या. बिलाची धास्तीही जरा जास्तच आहे: २५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ०.६ युनिट लागतं.