नट आवळल्याने राइडची गुंज आटोक्यात येत नाही

‘राइड फार घुमते? वरचा नट घट्ट आवळ.’ राइड, म्हणजे ड्रमसेटमधली मोठी झांज, स्टँडवर धरून ठेवणाऱ्या नटाबद्दलचा हा सल्ला ड्रमर एकमेकांना वर्षानुवर्षे देत आले आहेत, आणि तो चुकीचा आहे. झांज सर्वांत जास्त थरथरते ती कडेला. मधल्या भोकापाशी हालचाल अगदी कमी असते. तिथे आवळून गुंज फारशी कमी होत नाही, पण झांजेचं मोकळं झुलणं थांबतं. मग प्रत्येक फटक्याचा ताण भोकाभोवती साचतो आणि तिथूनच बारीक तडे जाऊ शकतात. एवढी महागाची वस्तू अशी हकनाक जाते, याचं खरंच वाईट वाटतं.

त्यापेक्षा कापडी टेपचा बोटभर तुकडा झांजेच्या खालच्या बाजूला, कड आणि घुमट (मधला फुगीर भाग) यांच्या मध्ये चिकटवा. वाजवून बघा. कडेकडे सरकवला तर गुंज जास्त दबते, घुमटाकडे नेला तर कमी. तुकडा लहानच ठेवा, नाहीतर ‘टिंग’ही मरतो. नायलॉनऐवजी लाकडी टोकाची हलकी काठी घेतली तर आवाज आणखी मवाळ होतो.

नट इतकाच फिरवा, की बोटाने ढकलल्यावर झांज सहज डोलली पाहिजे. झांजेच्या खाली-वर फेल्ट (नमद्याची मऊ चकती) मात्र हवाच.