संदेशाचा ‘प्रकार’: पाकिटावरच्या आकड्यापासून आतल्या मजकुरापर्यंत

सी भाषेत दोन प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) एकमेकींशी बोलायचं असेल तर भाषेकडून फारशी मदत मिळत नाही. इंट (पूर्णांक), डबल (दशांश संख्या), स्ट्रक्ट (अनेक सदस्यांचा गठ्ठा) ही सगळी कंपायलरच्या घरची माणसं. डेटा प्रोसेसच्या मेमरीबाहेर पडला की उरतात नुसते बाइट. ते कशाचे आहेत हे पलीकडच्याला कळावं म्हणून जे काही करतात त्याला ‘टाइप्ड मेसेज’ म्हणायची पद्धत आहे. पण गेल्या पन्नासेक वर्षांत या ‘टाइप’चे दोन वेगळे अर्थ झाले: हा संदेश कुठल्या कामाचा, आणि त्याच्या पोटात काय आहे. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ हे दोन अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं की प्रोग्रॅम बागेतल्या नळीसारखे एकमेकांना जोडता यायला हवेत. केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाइप आणला, म्हणजे एका प्रोग्रॅमने लिहिलेलं दुसऱ्याला वाचायला देणारी वाट. पाइपला ना प्रकार ठाऊक, ना संदेश. तुम्ही आधी ४० आणि मग ६० बाइट लिहिले, तर समोरच्याला एकाच वाचनात १०० मिळू शकतात. मजकूर ओळीओळीने वाचणाऱ्या प्रोग्रॅमना हे चालून जातं. स्ट्रक्ट पाठवणाऱ्यांना नाही. सुटे, आखीव संदेश त्याआधीही होतेच. डेन्मार्कमध्ये पेर ब्रिंच हॅन्सन यांनी १९६९ च्या सुमारास आरसी ४००० या संगणकासाठी जी प्रणाली उभी केली, तिच्या गाभ्यातच छोट्या, ठरावीक आकाराच्या संदेशांची देवाणघेवाण होती.

सी प्रोग्रॅमरच्या डोक्यात ‘टाइप’ हा शब्द पक्का बसवला तो मात्र युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या आवृत्तीने. मेसेज क्यू (संदेशांची रांग), सेमाफोर (प्रोसेसची पाळी सांभाळणारा गणक) आणि शेअर्ड मेमरी (सामायिक मेमरी) ही तिघं आधी बेल लॅब्जच्या कोलंबस युनिक्समध्ये होती. १९८३ च्या सिस्टिम फाइव्हबरोबर ती सगळीकडे पोचली. या क्यूमध्ये टाकायच्या प्रत्येक स्ट्रक्टचा पहिला सदस्य लाँग (पूर्णांकाचाच एक प्रकार) असावा लागतो, नाव एमटाइप, किंमत शून्याहून मोठी. त्यापुढे काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ढुंकूनही पाहत नाही.

एमटाइपची खरी गंमत संदेश घेताना आहे. शून्य मागितलं तर रांगेतला पहिला संदेश मिळतो. धन आकडा दिला तर त्या प्रकाराचा पहिला. ऋण आकडा दिला, समजा उणे ५, तर ५ पर्यंतच्या प्रकारांपैकी सगळ्यात लहान आकड्याचा. म्हणजे हाच आकडा कधी पत्ता होतो, कधी प्राधान्यक्रम. त्यावर एक जुनी युक्ती उभी आहे: सगळे क्लायंट विनंत्या प्रकार १ ने टाकतात, आत आपला प्रोसेस आयडी लिहितात, आणि सर्व्हर उत्तर पाठवताना तोच आयडी एमटाइप म्हणून लावतो. एका क्यूवर सगळ्यांचा संसार! चलाख आहे, पण हा ‘टाइप’ पाकिटावरचा शिक्का आहे. आतल्या कागदाबद्दल तो काहीच सांगत नाही.

शिवाय पाठवताना द्यायची लांबी एमटाइप सोडून मोजायची असते. पूर्ण स्ट्रक्टचा साइझऑफ (सी सांगतो तो बाइटमधला आकार) देऊन टाकला की कर्नल मुकाट्याने स्ट्रक्टच्या पलीकडचे बाइटही उचलतो. मी हे केलेलं आहे, आणि प्रोग्रॅम बरेच दिवस ‘बरोबर’ चालला होता, तेच जास्त वाईट. आणि क्यू आपोआप मरत नाही. प्रोसेस गेली तरी न वाचलेल्या संदेशांसह ती मागे राहते, कुणीतरी पुसेपर्यंत किंवा मशीन रीबूट होईपर्यंत.

आता पाकिटाच्या आत डोकावू. एक कॅर (एका बाइटचं अक्षर) आणि त्यामागे एक इंट असा स्ट्रक्ट घ्या. डेटा पाच बाइटचा, पण नेहमीच्या मशीनवर साइझऑफ सांगतो आठ. मधले तीन बाइट म्हणजे इंट चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसावा म्हणून सोडलेली मोकळी जागा, आणि त्या जागेत स्टॅकवर आधी जे काही होतं ते तसंच पडून असतं. स्ट्रक्ट सरळ पाठवला की तो कचराही पलीकडे जातो. कर्नलमधून नको ती माहिती बाहेर गळण्याच्या कित्येक चुका याच जातीच्या आहेत. त्यात लाँग ३२-बिट युनिक्सवर चार बाइटचा आणि ६४-बिटवर आठचा, त्यामुळे एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेसमध्येही एकच स्ट्रक्ट दोन आकारांचा निघू शकतो. मशीन बदललं तर बाइटचा क्रमही उलटतो. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधल्या, अंडं कुठल्या टोकाने फोडायचं या भांडणावरून घेतलेली ‘एंडियन’ ही नावं डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या वादाला दिली.

दुसऱ्या अर्थाचा ‘टाइप’ कर्नलमध्ये नेऊन बसवण्याचा सर्वांत धीट प्रयत्न कार्नेगी मेलनचा. तिथे आधी ॲक्सेंट आणि मग १९८५ पासून माक हे कर्नल घडत होतं. माकच्या संदेशात डेटाच्या प्रत्येक तुकड्याआधी एक वर्णन असे: हा पूर्णांक आहे की अक्षर की पोर्ट, एकेक किती बिटचा, असे किती, आणि डेटा संदेशातच आहे की बाहेर. याला कारण होतं. पोर्ट म्हणजे संदेश पाठवण्याचा किंवा घेण्याचा अधिकार. तो एका टास्ककडून (माकच्या प्रोसेसकडून) दुसऱ्याकडे जाताना कर्नलला त्याचं नाव बदलून द्यावं लागतं, म्हणून पोर्ट कुठल्या बाइटमध्ये आहे हे माहीत हवंच. शिवाय संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या जातीच्या मशीनवर गेला तर त्याच वर्णनावरून बाइटचा क्रम बदलता येई. ही वर्णनं हाताने भरणं म्हणजे शिक्षाच, म्हणून मिग नावाचा जनरेटर आला: व्याख्या लिहा, तो सी कोड काढून देतो. पण साध्या पूर्णांकांची वर्णनं कर्नलने दर वेळी चाळत बसायची कशाला? पुढच्या आवृत्त्यांत ती गेली. ॲपलच्या कर्नलमधल्या माक संदेशात आज वर्णन उरलंय ते पोर्ट आणि बाहेरच्या मेमरीसारख्या गोष्टींचंच. माकवरच उभ्या असलेल्या ग्नू हर्ड या प्रणालीने मात्र जुनी रीत सोडलेली नाही.

सन या संगणक कंपनीने ओझं कर्नलवर टाकलंच नाही. त्यांचं एक्सडीआर, म्हणजे डेटा बाइटमध्ये मांडायची रीत (१९८७ चं इंटरनेट टिपण, आरएफसी १०१४), सांगतं की मोठ्या स्थानकिमतीचा बाइट आधी, आणि प्रत्येक गोष्ट चार बाइटच्या पटीत. प्रकार संदेशात लिहायचाच नाही. प्रोग्रॅम, आवृत्ती आणि प्रोसीजर यांच्या क्रमांकांवरून दोन्ही बाजूंना तो आधीच ठाऊक असतो. लिनक्स डेस्कटॉपवर प्रोग्रॅमना बोलतं करणाऱ्या, २००६ मध्ये १.० ला पोचलेल्या डी-बसने उलट केलं: संदेशाच्या पोटात काय आहे ते एका छोट्या अक्षरमालेत बरोबरच पाठवायचं, आणि पहिल्याच बाइटमध्ये बाइटचा क्रम सांगून टाकायचा. दरम्यान पॉझिक्स या युनिक्ससाठीच्या मानकाने १९९३ मध्ये मेसेज क्यू नव्याने आखली, त्यात एमटाइप काढून नुसता प्राधान्यक्रम ठेवला. निवडून संदेश घेण्याची सोय गेली, आणि मला तरी ती कधीकधी आठवते.

हाताने सी लिहिणाऱ्यांची परंपरा बघायची तर मिनिक्स या छोट्या, युनिक्ससारख्या प्रणालीकडे जावं. टॅनेनबॉम यांच्या १९८७ च्या मिनिक्समध्ये संदेश म्हणजे पाठवणारा, प्रकार, आणि पुढे अनेक साच्यांचं एक युनियन, म्हणजे एकाच जागेकडे वेगवेगळ्या साच्यांनी बघायची सोय. सदस्यांची नावं ‘एम१ चा पहिला पूर्णांक’ या थाटाची, त्यामुळे चुकीचा साचा वाचला तरी कंपायलर हूं की चूं करत नसे. नंतर मिनिक्स ३ मध्ये प्रत्येक संदेशाला स्वतःचा नावाचा स्ट्रक्ट मिळाला, आणि प्रत्येकाखाली एक मॅक्रो: आकार ठरलेल्या ५६ बाइटचा असेल तर १ लांबीचा ॲरे, नसेल तर उणे १ लांबीचा. उणे लांबीचा ॲरे सीला चालत नाही, म्हणजे चुकीचा संदेश कंपाइलच होत नाही. सी११ मध्ये (भाषेच्या २०११ च्या मानकात) स्टॅटिक असर्ट ही कंपाइल होतानाची तपासणी आल्यावर या कसरतीची गरज उरली नाही. पण दोन्ही तपासण्या आपल्याच बाजूला, कंपाइल होतानाच होतात. पलीकडची प्रोसेस गेल्या वर्षीच्या हेडरवर (व्याख्यांच्या फाइलवर) बांधलेली असेल तर तिला हे कळायचा एकच मार्ग आहे: संदेशाच्या सुरुवातीला, ठरावीक रुंदीच्या पूर्णांकात, लिहिलेला आवृत्तीचा आकडा.