उसाच्या फडातून उठलेलं प्रेत: रक्तबंबाळ झोंबीपटांची पार्श्वभूमी

जुन्या वळणाचे झोंबीपट पुन्हा निघू लागलेत. जुन्या वळणाचे म्हणजे ज्यांत प्रेतं फरफटत चालतात, रबराची कातडी हातानं सोलली जाते आणि रक्त संगणकातून न येता बादलीतून येतं. मराठवाड्यातही रात्री जागून मोबाइलवर असे चित्रपट बघणारी पोरं गावोगाव आहेत. घरातली मोठी माणसं त्यांना एकच विचारतात, या चिरफाडीत बघण्यासारखं काय आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर सुरुवात उसाच्या फडापासून करावी लागते.

अठराव्या शतकात कॅरिबियन समुद्रातला हैती ही फ्रेंचांची वसाहत होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर तिथली साखर युरोपला जायची. मेल्यावर आपला आत्मा आफ्रिकेतल्या आपल्या मुलखात परत जातो, अशी या गुलामांची श्रद्धा होती. मरण म्हणजे सुटका. झोंबी म्हणजे ज्याची तीही सुटका हिरावली गेली असा माणूस. मांत्रिक त्याला थडग्यातून उठवतो आणि पुन्हा शेतात राबायला लावतो, कायमचा. हा मूळचा झोंबी कुणाला चावत नव्हता, कुणाला खात नव्हता. लोक भ्यायचे ते आपणच झोंबी होऊ याला. 1791 मध्ये गुलामांनी बंड केलं, 1804 मध्ये हैती स्वतंत्र झालं, पण ही भीती गेली नाही. माणसाला मारक नसलेलं पण मेल्यासारखं निपचित पाडणारं औषध देऊन पुरलं, तर तो खूनच धरावा, असं कलम तिथल्या दंडसंहितेतही आलं.

1915 साली अमेरिकी सैन्य हैतीत उतरलं आणि 1934 पर्यंत तिथं राहिलं. रस्ते बांधायला त्यांनी गावकऱ्यांना वेठीला धरलं. वेठ काय असते हे निजामाच्या मुलखातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. याच काळात विल्यम सीब्रुक या अमेरिकी लेखकानं 1929 मध्ये हैतीवर पुस्तक लिहिलं आणि साखर कंपनीच्या उसात राबणाऱ्या झोंबींची हकीकत अमेरिकेत पोहोचवली. तीनच वर्षांनी, 1932 मध्ये, ‘व्हाइट झोंबी’ हा चित्रपट आला.

त्यातला एक प्रसंग सावकाश पाहावा असा आहे. साखरेचा लाकडी कारखाना. निर्जीव डोळ्यांची माणसं डोक्यावर उसाच्या टोपल्या घेऊन रांगेनं येतात, वरून ऊस ओततात. खाली आणखी माणसं मोठा रहाट ढकलत गोल फिरताहेत. कुणी बोलत नाही, फक्त लाकडाची करकर ऐकू येते. वरच्या रांगेतल्या एकाचा तोल जातो आणि तो उसाबरोबर खाली, पात्यांमध्ये पडतो. किंकाळी नाही. रांग थांबत नाही, रहाट थांबत नाही. रक्ताचा थेंबही न दाखवता घेतलेला हा प्रसंग मला या सगळ्या परंपरेतला सर्वांत भयंकर वाटतो.

बीड, केज, धारूर, वडवणी, पाटोदा या भागातल्या माणसाला तो परका वाटूच शकत नाही. दसरा-दिवाळी झाली की इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, आणि नवरा-बायको मिळून हिशेबात फक्त एक ‘कोयता’ असतात. गाळप हंगाम संपेपर्यंत फड तोडायचा, मोळ्या बांधायच्या, वाहन भरायचं. रात्री-अपरात्री गाडी आली तरी उठायचं. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या बीडच्या बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा पडू नये म्हणून शरीराचा भाग काढून टाकायचा, आणि गव्हाणीत मोळी पडत राहायची. पडद्यावरच्या मारधाडीपेक्षा हे रक्त जास्त खरं आहे. झोंबीची गोष्ट मुळात याच दुखण्यातून जन्मली, हे लक्षात ठेवून पुढचा इतिहास वाचावा.

मधल्या काळात या प्रकारात थोडंच चांगलं काम झालं. 1943 चा ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’ सोडला तर बाकी स्वस्त नक्कलच. खरा फाटा फुटला तो 1968 मध्ये. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट करणाऱ्या जॉर्ज रोमेरो नावाच्या तरुणानं मित्रांकडून पैसे गोळा करून, सुमारे 1 लाख 14 हजार डॉलरमध्ये, ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. मांत्रिक गेला, मालक गेला. आता प्रेतं आपणहून उठतात, माणसं खातात, आणि जो मरेल तो त्यांच्यात सामील होतो. चित्रपट कृष्णधवल होता, म्हणून रक्तासाठी चॉकलेटचं सिरप चाललं. पैसे घालणाऱ्यांपैकी एकाचा मांसाचा धंदा होता, त्यानं आतडी पुरवली. नायक कृष्णवर्णीय. रात्रभर प्रेतांशी झुंजून तो जगतो, आणि सकाळी बंदुका घेऊन आलेली जिवंत माणसं त्याला प्रेत समजून गोळी घालतात. शेवटी आकड्यांनी ओढत नेऊन चितेवर टाकतात. ऐन वेळी नाव बदलताना वितरकाकडून कॉपीराइटची ओळ छापायची राहिली आणि चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. रोमेरोचं त्यात मोठं नुकसान झालं, पण म्हणूनच चित्रपट जगभर फिरला आणि प्रत्येक देशातल्या हौशी पोरांनी त्याची उजळणी केली.

रोगाची साथ आणि गावाची वेस या दोन गोष्टी रोमेरोनं झोंबीला जोडल्या. आपल्याकडे पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा काढत. देवीला हिरव्या बांगड्या, खण, नैवेद्य वाहून गाडा शिवेपर्यंत ओढत न्यायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेपलीकडे ढकलायचा. पोतराज अंगावर आसूड ओढून घ्यायचा आणि लोकांदेखत त्याच्या दंडावर वळ उठायचे. संकट वेशीबाहेर काढायचं आणि त्यासाठी कुणाच्या तरी अंगाला जखम झालेली सगळ्यांनी पाहायची. जखम उघड्यावर पाहण्याची गरज माणसाला जुनीच आहे.

ती जखम पडद्यावर आणणारा कारागीर म्हणजे टॉम सॅव्हिनी. व्हिएतनाम युद्धात तो लष्करी छायाचित्रकार होता. छिन्नविच्छिन्न देह त्यानं कॅमेऱ्यातून पाहिले होते, आणि 1978 च्या ‘डॉन ऑफ द डेड’साठी त्यानं ते पुन्हा घडवले. हा चित्रपट खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये, दुकानं बंद झाल्यावर रात्रभर चालणाऱ्या चित्रीकरणातून तयार झाला. बाहेर मेलेले आणि आत जिवंत, आणि दोघांनाही त्या दुकानांची सारखीच ओढ. त्यातलं रक्त फार भडक, रंगपेटीतल्या लालसारखं दिसतं. सॅव्हिनीला ते पटलं नव्हतं, रोमेरोला मात्र चित्रकथेच्या पानासारखा तो रंग हवा होता. मला रोमेरोचंच बरोबर वाटतं. 1985 च्या ‘डे ऑफ द डेड’मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला प्रेतं मधोमध फाडतात. त्यासाठी आणलेली डुकराची आतडी ज्या फ्रिजमध्ये होती, तो मध्यंतरी बंद राहिला आणि आतडी सडली. तरी चित्रीकरण त्याच आतड्यांवर झालं. नटाचं अंग जमिनीखाली, गळ्यापाशी खोटी छाती जोडलेली, हलता येत नाही, आणि नाकाशी तो वास. पडद्यावर त्याचा चेहरा बघा, त्यातला काही भाग अभिनय नाही.

मराठवाड्यात हे सगळं वेगळ्या वाटेनं आलं. हा भाग 1948 मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटला, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. पण हिंदी चित्रपटांच्या वितरणाच्या नकाशात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड हे जिल्हे ‘निजाम’ नावाच्याच विभागात राहिले. याच छोट्या गावांच्या टॉकीजवर हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनी आपला धंदा उभा केला. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ हा पुरलेल्या नवऱ्याचं सडकं शरीर परत आणणारा चित्रपट, आपल्याकडचा झोंबीचा पहिला ठळक अवतार. 1984 च्या ‘पुराना मंदिर’मध्ये सैतानाचं डोकं एकीकडे ठेवलेलं आणि धड दुसरीकडे गाडलेलं असतं. सगळं कुटुंबच निर्मितीत राबायचं: कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी दिग्दर्शन. मुखवटा, लाल प्रकाश, धूर. मोठ्या शहरातल्या समीक्षकांनी त्यांना दारातही उभं केलं नाही. ते अन्यायाचं होतं, कारण हातानं भीती घडवण्याची विद्या त्यांनीच या देशात टिकवली.

विदेशी माल आला तो व्हिडिओवर. भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आणायचा, वर्गणी काढायची आणि रात्रभर तीन पिक्चर बघायचे, हा ऐंशीच्या दशकातला रिवाज. पट्टीवर पट्टी उतरवून चित्र इतकं पुसट झालेलं असायचं की रक्त तपकिरी दिसायचं. इटलीच्या लुचो फुल्ची या दिग्दर्शकाच्या 1979 च्या चित्रपटात प्रेत समुद्राखाली खऱ्या शार्कशी झोंबतं, ते अशाच पट्ट्यांतून जगानं पाहिलं. ब्रिटननं याच लाटेला घाबरून 1984 मध्ये व्हिडिओसाठी वेगळा कायदा केला.

पण प्रेत उठतं ही गोष्ट आपल्याला व्हिडिओनं शिकवली नाही. ती गोदाकाठची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला. त्यातल्या वेताळाच्या कथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीतीरावरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. सोमदेवानं ज्या बृहत्कथेचा आधार सांगितला, तिचा कर्ता गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला. त्याची दंतकथाही रक्ताचीच आहे. अरण्यात शाई नव्हती म्हणून त्यानं सात लाख श्लोक स्वतःच्या रक्तानं, ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत लिहिले. राजानं ते नाकारले. तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला. राजाला पश्चात्ताप होईपर्यंत एक लाखच उरले होते.

वेताळाच्या कथेचा सांगाडा तर आजच्या कुठल्याही रक्तपटाला लाजवील. कृष्ण चतुर्दशीची रात्र, स्मशान. राजा शिंशपेच्या झाडावर चढून लटकतं प्रेत दोर कापून खाली पाडतो. पडताच ते कळवळून ओरडतं. जिवंत आहे असं वाटून राजा दयेनं त्याचं अंग चोळतो, आणि प्रेत खदाखदा हसतं. मग त्याला कळतं की आत वेताळ आहे. तो ते खांद्यावर घेतो. ज्या भिक्षूनं हे प्रेत आणायला सांगितलं त्याच्यापाशी शेवटी तो पोहोचतो तेव्हा जमीन रक्तानं सारवलेली, हाडांच्या पांढऱ्या भुकटीचं मंडल, कोपऱ्यांत रक्तानं भरलेले घडे आणि माणसाच्या चरबीचे दिवे. कपटी भिक्षूचं डोकं छाटून, त्याचं काळीज काढून राजा ते वेताळाला अर्पण करतो. चांदोबाच्या पानांवर आणि 1985 च्या दूरदर्शन मालिकेत ही गोष्ट लहान मुलांसाठी धुऊन पुसून आली. कोडी राहिली, स्मशान गेलं. गावोगाव वेताळाचा शेंदूर लावलेला दगड मात्र शिवेवर तसाच उभा आहे.

राजाच्या खांद्यावर जे आहे त्याला वजन आहे, आणि जुन्या वळणाच्या चित्रपटाचं मोल मला तिथंच दिसतं. 2002 नंतर झोंबी धावू लागले. 2013 च्या ‘वर्ल्ड वॉर झेड’मध्ये तर संगणकानं हजारोंची भिंत रचली. नजर दिपते, पण त्यातलं एकही प्रेत अंगावर पडेल असं वाटत नाही. रबर, लेटेक्स, साखरेचा पाक आणि खायचा लाल रंग यांनी केलेलं शरीर नटाच्या हाताला लागतं, कपड्याला चिकटतं, बुटाखाली घसरतं. नव्या दिग्दर्शकांना तेच परत हवंय. जपानचा ‘वन कट ऑफ द डेड’ 2017 मध्ये अगदी थोड्या पैशांत झाला. त्यातला पहिला 37 मिनिटांचा भाग एकाच सलग दृश्यात आहे, आणि पुढे तो चित्रपट रक्ताची नळी कुणी धरली आणि मुंडकं कुणी फेकलं हेही प्रेमानं दाखवतो.

मराठीत 26 जानेवारी 2022 ला आदित्य सरपोतदारांचा ‘झोंबिवली’ आला. त्यात साथ पसरते ती पाण्यातून, आणि एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी झगडणारी वस्ती. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना हा धागा कुठवर जातो हे कळेल. संभाजीनगरला, लातूरला, नांदेडला आज नाट्यशास्त्र शिकणारी, रंगभूषा करणारी मुलंमुली आहेत. कोयता, फड, टँकर आणि पैठणचं स्मशान हा सगळा ऐवज त्यांच्या घरचा आहे. सोमदेवाचा तो शेवटचा प्रसंग, सारवलेल्या जमिनीपासून चरबीच्या दिव्यापर्यंत, काहीही न गाळता, हातानं कालवलेल्या रक्तात कुणीतरी गोदाकाठी उभा करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. तो पाहायला मी पहिल्या रांगेत असेन.