ब्रेक नसलेली सायकल आणि ४२ अंशांची भिंत

ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो. फ्रीव्हीलही नसते. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणार आणि पेडलबरोबर पायही. दम लागला म्हणून पाय थांबवायला गेलात, तर चाकच पायाला हिसका देतं. लंडनच्या हर्न हिल वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या लंबगोल ट्रॅकवर, क्लबची शाळकरी मुलं अशाच सायकलींवर शिकतात. हा ट्रॅक १८९१चा. १९४८च्या ऑलिंपिकमधल्या ट्रॅक सायकलिंगच्या शर्यती इथे झाल्या, आणि पुढे टूर द फ्रान्स जिंकणारा ब्रॅडली विगिन्स लहानपणी इथेच शिकला.

आईबापांना धडकी भरते ती ब्रेकच्या नावाने. पण घोळक्यात चाकाला चाक लावून पळताना ब्रेक नसणंच सोयीचं, कारण पुढच्याला एकदम थांबताच येत नाही. वेग कमी करायचा तर पेडलवर उलटा दाब द्यायचा, नाहीतर आतल्या बाजूला कललेल्या ट्रॅकच्या उतारावर वर चढायचं. वर सरकण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडतात. मागून ओलांडून जाणारा ‘स्टे!’ असं ओरडला, की आपली रेघ सोडायची नाही.

हर्न हिलचा ट्रॅक साधारण ४५० मीटरचा, त्यामुळे वळणं ऐसपैस आणि उतार बेताचा. खरी परीक्षा लंडनमधल्याच ली व्हॅलीच्या बंदिस्त लाकडी ट्रॅकवर. तो २५० मीटरचा, आणि वळणावर ४२ अंशांपर्यंत उभा. खालून बघितलं तर भिंतच वाटते. एवढा उतार कशाला? वळताना सायकलस्वाराला आत कलावंच लागतं आणि वेग वाढला की कल वाढतो. वळणाची त्रिज्या २२ मीटर धरू. ताशी ५० किलोमीटरला हा कल जवळपास ४२ अंश येतो, म्हणजे सायकल लाकडावर काटकोनात उभी राहते आणि टायरला आडवा जोर लागतच नाही. ताशी ३० ला मात्र कल फक्त १८ अंश. मधल्या २४ अंशांचा हिशेब टायरच्या पकडीने भागवायचा. आणखी हळू गेलात तर पकड पुरत नाही आणि चाक खाली घसरतं. म्हणून नवख्या पोराला ‘जोरात मार, जोरात!’ असं ओरडणारा प्रशिक्षक त्याला वाचवतच असतो. घाबरून पाय आखडणारा पोरगाच पडतो.

सांघिक पाठलागात, म्हणजे चौघांच्या संघाने एकामागे एक रांगेत पळायच्या शर्यतीत, हाच उतार ब्रेकचं आणि एंजिनचं, दोन्ही कामं करतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पुढच्याचा दम लवकर निघतो. त्याच्या आडोशाने येणाऱ्याची ताकद ढोबळमानाने एक तृतीयांश वाचते. म्हणून पुढे कुणी राहायचं याची पाळी लावलेली असते. पाळी संपली की पुढचा वळणावर वर जातो. दोन मीटर उंची चढली, तर ताशी ५० चा वेग आपोआप ४५ च्या आसपास येतो. तेवढ्यात बाकीचे खालून निघून जातात, आणि तो उतरत, गेलेला वेग परत मिळवत शेवटच्याच्या मागे चिकटतो. ब्रेक नाही, जास्तीचा जोर नाही. अर्थात चिकटायची वेळ चुकली तर सगळी गंमत फुकट, आणि ही वेळ साधायला पोरांना महिने लागतात.

आपल्याकडे पुण्याच्या बालेवाडीत वेलोड्रोम आहे. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी २५० मीटरचा बंदिस्त लाकडी ट्रॅक झाला. २०१९ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्ट-ओडर इथे भारताच्या ज्युनिअर (१७-१८ वर्षांच्या) मुलांनी टीम स्प्रिंटचं, म्हणजे तिघांच्या संघाच्या छोट्या वेगवान शर्यतीचं, जागतिक सुवर्ण जिंकलं. ट्रॅक मिळाला की काय होतं ते यावरून दिसावं.

राहिला गिअरचा नियम. ब्रिटनमध्ये सोळा वर्षांखालच्यांना बरीच वर्षं ६.९३ मीटरची मर्यादा होती, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल त्याहून पुढे जाता कामा नये. पुढच्या चक्रीला ४९ दात, मागच्या चक्रीला १५ असले की हे अंतर ६.८६ मीटरच्या आसपास बसतं. मिनिटाला १२० फेरे मारले तर वेग ताशी ४९ किलोमीटर. कारण सांगतात वाढत्या वयातल्या गुडघ्यांचं, पण मला दुसरं कारण जास्त पटतं. तेराव्या वर्षीच मिसरूड फुटलेला पोरगा मोठा गिअर लावून निव्वळ ताकदीवर सगळ्यांना मागे टाकेल आणि भराभर पाय फिरवायचं तंत्र कधी शिकणारच नाही. रस्त्यावरच्या ज्युनिअर शर्यतींतली ७.९३ मीटरची मर्यादा आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ पासून काढून टाकली. लहान गटांतही तसं करणं मला घाईचं वाटतं. तपासणी साधी आहे. जमिनीवर दोन खुणा असतात. पंच पेडलचा एक फेरा होईपर्यंत सायकल मागे ओढतो, आणि चाक दुसऱ्या खुणेपलीकडे गेलं तर मागची चक्री बदलून आणल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही.