“ते नवीन इंजेक्शन” आणि नसबंदीनंतरची तपासणी : आमच्या लॅबच्या ग्राहकांसाठी माहिती

महिन्यातून चार-पाच जण तरी काउंटरशी येतात, आजूबाजूला ओळखीचं कोणी नाही ना ते बघतात आणि हळूच विचारतात, “भाऊ, ते माणसांचं इंजेक्शन उनं (आलं) का?” कोणाच्या मोबाइलवर व्हिडिओ असतो, कोणाला सुरतेला कामाला असलेल्या मेहुण्याने सांगितलेलं असतं. सकाळी रक्ताच्या तपासण्यांची रांग असते, त्यामुळे नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हे छापून ठेवलं आहे. घरी न्या, वहिनींनाही वाचायला द्या.

मूल होऊ नये म्हणून पुरुषांनी घ्यायच्या या इंजेक्शनची बातमी खरी आहे. त्याचं नाव रिसग. आयआयटी खरगपूरचे प्राध्यापक सुजॉय गुहा यांनी १९७०च्या दशकापासून त्यावर काम केलं. शुक्राणू ज्या नळीतून येतात त्या शुक्रवाहिनीत एक पॉलिमर (जेलसारखा पदार्थ) टोचतात. तो आतून नळीला चिकटतो आणि तिथून जाणारे शुक्राणू निकामी करतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्ली, जयपूर, उदयपूर, लुधियाना आणि खरगपूर इथे ३०३ विवाहित पुरुषांवर त्याची चाचणी घेतली, सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि २०२३ साली निष्कर्ष छापले. गर्भधारणा टाळण्यात यश ९९.०२ टक्के. मात्र ते अजून कुठल्याही मेडिकलवर किंवा दवाखान्यात विकत मिळत नाही. “दुसरं इंजेक्शन दिलं की नळी पुन्हा मोकळी” असं व्हिडिओत सांगतात, ते प्राण्यांमध्ये दिसलं आहे. माणसात अजून सिद्ध झालेलं नाही. कोणी पैसे घेऊन हे इंजेक्शन देतो म्हणाला तर तिथून उठून या.

परदेशात खांद्याला रोज चोळायच्या हार्मोनच्या जेलवर चारशेहून जास्त जोडप्यांमध्ये अभ्यास झाला. वायसीटी-५२९ नावाची बिनहार्मोनची गोळी त्याहूनही मागे आहे. ब्रिटनमधल्या तिच्या पहिल्या चाचणीत फक्त १६ पुरुष होते आणि तीही गोळी सोसते की नाही एवढंच बघायला. यातलं काहीच आज बाजारात नाही.

सरकीच्या तेलाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपला भाग कपाशीचा आहे. मागच्या हंगामात एक तरुण मुलगा कच्च्या घाणीचं सरकीचं तेल पिऊन आमच्याकडे वीर्य तपासायला आला होता. त्याने ऐकलं होतं ते अगदीच हवेतलं नव्हतं. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं आणि चीनमध्ये १९७०च्या दशकात त्याच्या गोळ्या हजारो पुरुषांना दिल्या होत्या. शुक्राणू खरंच घटले. पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं आणि काहींचे शुक्राणू औषध थांबवल्यावरही परत आलेच नाहीत. शेवटी जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली हा नाद सोडायला सांगितलं. रिफाइंड तेलातून गॉसिपॉल काढलेलं असतं, ते भाजीत खा. कच्चं तेल औषध म्हणून कोणीही पिऊ नका.

म्हणजे पुरुषाच्या हातात आज भरवशाच्या दोनच गोष्टी आहेत : निरोध आणि बिनटाक्याची नसबंदी. नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते. भूल तेवढ्याच जागेपुरती देतात, टाका पडत नाही, माणूस चालत घरी जातो. दोन दिवस आराम करायचा आणि आठवडाभर केळीचे घड, खताच्या गोण्या उचलायच्या नाहीत. ताकद कमी होते हा समज मनातून काढून टाका. पुरुषाचं हार्मोन रक्तात उतरतं, त्या नळीतून जात नाही. वीर्यही पूर्वीइतकंच येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा फार थोडा असतो. एवढं मात्र मनाशी पक्कं करून जा की नसबंदी कायमची समजूनच करायची. नळी पुन्हा जोडता येते, पण मूल होईलच याची खात्री देता येत नाही.

देशाच्या २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी झालेल्या बायका ३७.९ टक्के निघाल्या आणि पुरुष ०.३ टक्के. बाईचं ऑपरेशन पोट उघडून किंवा दुर्बिणीतून करावं लागतं, तरी ते करून घ्यायची वेळ तिच्यावरच येते. म्हणून नसबंदी करून आलेल्या प्रत्येक भावाबद्दल आम्हाला आदर आहे, आणि त्याची तपासणी चुकू नये अशी तळमळही आहे.

आता ज्यासाठी हे पत्रक काढलं ते. नसबंदी झाली म्हणजे त्याच दिवसापासून मोकळीक मिळाली असं होत नाही. नळी कापली तरी कापलेल्या जागेच्या पुढे आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. ते बाहेर पडून संपायला सुमारे तीन महिने जातात. तोवर निरोध वापरायचाच. ऑपरेशन करून लगेच सुरतेला गेलेले आणि तीन महिन्यांनी परतून सरळ आमच्याकडे आलेले काही जण आहेत. बायकोपासून दूर राहिल्याने उरलेले शुक्राणू बाहेर पडलेले नसतात, म्हणून त्यांच्या वीर्यात कधी कधी शुक्राणू दिसतात. त्यांनी घाबरू नये, निरोध चालू ठेवावा आणि आम्ही सांगू तेव्हा पुन्हा सॅम्पल द्यावं.

काही वर्षांपूर्वी जवळच्याच गावचं एक कुटुंब आलं होतं. मुलाची नसबंदी झालेली, तपासणी केलेली नाही, दुसऱ्याच महिन्यात सुनेला दिवस राहिले. घरात सगळ्यांचा संशय तिच्यावर. सासू बोलायची थांबत नव्हती. आम्ही मुलाचं सॅम्पल घेतलं, काचपट्टीवर शुक्राणू धावत होते. मी त्याला आत बोलावलं आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. तो बराच वेळ उठला नाही. या एका तपासणीत आम्ही घाई का करत नाही ते यातून कळावं.

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो सॅम्पलच्या एका चुकीमुळे. पहाटे घरी सॅम्पल काढतात, धुतलेल्या औषधाच्या बाटलीत नाहीतर निरोधातच बांधून आणतात आणि आठची एसटी पकडून दहाला आमच्याकडे पोचतात. ते आम्ही परत करतो. “पैसे देतोय ना, द्या काढून रिपोर्ट,” असं म्हणून लोक चिडतात. कारण सांगतो. शुक्राणू दिसले तर ते जिवंत आहेत की मेलेले यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. दोन तास खिशात किंवा पिशवीत राहिलेल्या सॅम्पलमधला शुक्राणू मेलेला दिसला, तर तो आधीच मेला होता की वाटेत मेला हे जगातला कोणीही सांगू शकत नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखातल्या उन्हाचं तर विचारूच नका. निरोधावर जे औषध किंवा तेलकट लेप असतो त्यानेही शुक्राणू मरतात. बाटलीत साबणाचा अंश राहिला तरी तेच. अशा सॅम्पलवर “निल”, म्हणजे शुक्राणू नाहीत, असं लिहून देणं म्हणजे तुम्हाला फसवणं होईल, ते आम्ही करणार नाही.

म्हणून सॅम्पल लॅबमध्येच द्या. मागच्या बाजूला स्वतंत्र खोली आहे, आतून कडी आहे, पाण्याची सोय आहे, कोणी दार वाजवत नाही. पत्नी सोबत आली तरी चालेल. ज्यांना इथे जमतच नाही त्यांनी आधी येऊन आमची निर्जंतुक डबी न्यावी, सॅम्पल थेट तिच्यात घ्यावं आणि शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभरात आणावं. चोपडा शहरातल्यांना हे सहज जमतं. अडावद, धानोरा, लासूरकडच्यांना एसटीच्या भरवशावर जमत नाही. आधी दोन ते सात दिवस संबंध नसावा. सॅम्पलचा थोडा भाग सांडला तर लपवू नका, सांगा. पहिल्या थेंबांत शुक्राणू सगळ्यात जास्त असतात, तेच गेले तर तपासणी वाया जाते.

“दहा मिनिटांचं काम, दीड तास का?” हाही नेहमीचा प्रश्न. वीर्य पातळ व्हायला अर्धा तास सोडावं लागतं. सुरुवातीला शुक्राणू दिसले नाहीत तर सॅम्पल यंत्रात फिरवून तळाशी बसलेलं पुन्हा बघतो. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची सही होते आणि तो फक्त त्या माणसाच्या हातात देतो. भावाला, सासऱ्याला, फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर, कोणालाच सांगत नाही.

ही तपासणी ऑपरेशन झालेल्या सरकारी दवाखान्यातही होते आणि नसबंदीचं प्रमाणपत्र तीन महिन्यांनी शुक्राणू नाहीत असं दिसल्यावरच मिळतं. तिथे केली तरी आम्हाला आनंदच आहे. आमच्याकडे आलात तर वीर्याची सॅम्पलं सोमवार ते शनिवार सकाळी आठ ते अकरा घेतो. पहिल्या तपासणीत शुक्राणू दिसले तर दुसऱ्या वेळी निम्मेच पैसे घेतो. येताना ऑपरेशनचं कार्ड आणा, त्यावरची तारीख आम्हाला लागते. डबी काउंटरवर फुकट मिळते. मागताना लाज वाटत असेल तर फक्त “पांढरी डबी” म्हणा, पोरांना कळतं.