तातलिनचा मनोरा उभा राहिला असता का?

नोव्हेंबर १९२०. पेत्रोग्रादमधल्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) जुन्या कला अकादमीच्या एका कार्यशाळेत, पाचेक मीटर उंचीचा एक लाकडी सांगाडा लोकांना पाहायला खुला झाला. दोन मळसूत्री पट्टे वळसे घेत वर निमुळते होत गेलेले, त्यांना आधार देणारा एक तिरपा कणा, आणि या सगळ्याच्या पोटात एकावर एक बसवलेल्या भौमितिक आकारांच्या खोल्या. चौथऱ्याच्या आत दडलेला माणूस हँडल फिरवी आणि वर त्या खोल्या गोल फिरू लागत.

ही होती रशियन कलावंत व्लादिमीर तातलिनच्या मनोऱ्याची प्रतिकृती. तिसऱ्या इंटरनॅशनलचे, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेचे, स्मारक आणि मुख्यालय म्हणून आखलेली ही इमारत ४०० मीटर उंच व्हायची होती, म्हणजे तेव्हा जगात सर्वांत उंच असलेल्या आयफेल मनोऱ्यापेक्षा सुमारे १०० मीटरने जास्त. साहित्य लोखंड आणि काच. पण यादवी युद्धाने पोखरलेल्या रशियात लोखंडच नव्हते, म्हणून प्रतिकृतीसुद्धा लाकडाची झाली. मनोरा कधीच बांधला गेला नाही. मूळ प्रतिकृतीही पुढे नाहीशी झाली. आज संग्रहालयांत दिसतात त्या प्रतिकृती छायाचित्रांवरून आणि रेखाटनांवरून नंतर केलेल्या आहेत.

कलेच्या इतिहासात या मनोऱ्याचे स्थान पक्के आहे. बहुतेक वेळा त्याच्याकडे क्रांतीचे प्रतीक म्हणून पाहिले जाते आणि तिथेच चर्चा थांबते. मला हे अपुरे वाटते. तातलिन हा हाताने काम करणारा माणूस होता. तरुणपणी तो जहाजावर खलाशी होता. १९१४-१५ मध्ये त्याने पत्रा, लाकूड आणि तारा यांची शिल्पे केली आणि ती चौथऱ्यावर न ठेवता खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींमध्ये ताणलेल्या तारांवर तोलून धरली. ताण कुठे पडतो, वजन कुठून कुठे जाते याची जाण असल्याशिवाय असे काम जमत नाही. म्हणून त्याच्या मनोऱ्याला इमारत समजून तपासणे हाच त्याचा खरा मान आहे.

सुरुवात तिरप्या कण्यापासून करू. हा कलता कणा पृथ्वीच्या आसाशी जोडला जातो आणि त्यासाठी २३.५ अंशांचा आकडा दिला जातो. इथे एक गंमत आहे. २३.५ अंश हा पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या प्रतलाला काढलेल्या लंबाशी करतो तो कोन. पेत्रोग्रादच्या जमिनीवर उभे राहून पाहिले तर हिशेब बदलतो. शहराचे अक्षांश सुमारे ६० अंश, म्हणून तिथे ध्रुवतारा क्षितिजापासून ६० अंशांवर दिसतो. त्या दिशेने रोखलेली, म्हणजे आसाला खरोखर समांतर असलेली तुळई उभ्या रेषेपासून ३० अंश कलेल.

२३.५ अंशच धरले तरी त्याची किंमत मोठी आहे. सगळे वजन या कण्याच्या रेषेत कलले आणि गुरुत्वमध्य १३० मीटर उंचीवर आला असे मानले, तर तो पायाच्या बिंदूपासून सुमारे ५६ मीटर बाजूला सरकतो. मग पायाची एक बाजू प्रचंड दाबाखाली दबते आणि दुसरी बाजू वर उचलली जायला बघते. तीही नेवा नदीच्या मुखाशी, मऊ चिकणमाती आणि दलदलीवर वसलेल्या शहरात. अशा कलत्या इमारती आता होतात. अबू धाबीत १६० मीटर उंचीची एक इमारत १८ अंश कललेली आहे, पण तिच्या पायाला ४९० खांब जमिनीत खोल रोवावे लागले आणि तिचा गाभा आधी उलट्या बाजूला वाकवून बांधावा लागला, म्हणजे वरचे वजन चढत गेले तसा तो सरळ होत गेला. १९२० मध्ये हे तंत्र कुणाच्या हाती नव्हते.

त्यावर वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. शिवाय सारख्या रुंदीच्या मनोऱ्याला बुडाशी उलथवू पाहणारा जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ३०० मीटरवरून ४०० मीटरवर गेले की तो जवळजवळ पावणेदोनपट होतो आणि उंचावर वारा अधिक वेगवान असतो हे तर यात धरलेलेच नाही. आयफेल मनोऱ्याचे पाय बुडाशी फाकलेले आहेत ते याच जोराला तोंड देण्यासाठी.

पण माझ्या मते खरी अडचण उंचीत नाही, कलण्यातही नाही. ती मळसुत्रात आहे. सरळ खांबावर वजन टाकले की ते खांबाच्या लांबीतून थेट खाली जाते, लोखंड फक्त दबते. वळणदार पट्टीवर तेच वजन टाकले की ती वाकते, पिळली जाते, उघडू पाहते. स्प्रिंगला तो आकार देतात तो मुद्दाम, तिने दबावे म्हणून. तातलिनने स्प्रिंगच्या आकाराकडून खांबाचे काम मागितले. ते मिळते, पण प्रत्येक वळसा जागोजागी आडव्या-तिरप्या तुळयांनी जखडावा लागतो आणि लोखंडाचा खर्च वाढत जातो.

याचा पुरावा त्याच देशात, त्याच वर्षांत उभा राहात होता. मॉस्कोच्या शाबोलोव्का भागात अभियंता व्लादिमीर शुखोव रेडिओचा मनोरा बांधत होता. त्याचा आराखडा १९१९ चा, उंची ३५० मीटर, वजन अवघे २,२०० टन. आयफेल मनोऱ्याचे लोखंड सुमारे ७,३०० टन आहे हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. शुखोवचा मनोरा लांबून वळणदार, कमरेत बारीक दिसतो, पण जवळ जाऊन पाहा: त्यातली प्रत्येक उभी पट्टी सरळ आहे. वर-खाली दोन कडी आणि त्यांच्यामध्ये तिरप्या बसवलेल्या सरळ पट्ट्या, निम्म्या एका बाजूला कललेल्या, निम्म्या दुसऱ्या. एवढ्यातून तो वक्र पृष्ठभाग आपोआप तयार होतो. गणितात त्याला हायपरबोलॉइड म्हणतात. डोळ्याला वळण आणि वजनाला सरळ वाट, दोन्ही एकाच रचनेत. हा आकार मला आजही थक्क करतो.

तरीही शुखोवलाही ३५० मीटर गाठता आले नाहीत, कारण लोखंड मिळेना. १९२२ मध्ये पूर्ण झालेला मनोरा सुमारे १५० मीटरचा आणि २४० टनांच्या आसपास आहे. वळणाची किंमत पाहायची तर लंडनमधला ऑर्बिट घ्या. अनिश कपूर आणि सेसिल बालमंड यांचा हा लाल पोलादी वेटोळ्यांचा मनोरा २०१२ च्या ऑलिंपिकसाठी उभारला गेला. उंची ११४.५ मीटर, पोलाद सुमारे २,००० टन. त्यात लिफ्ट आणि माणसांसाठी सज्जे आहेत, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही, पण शुखोवने तेवढ्याच पोलादात ३५० मीटर आखले होते.

आता फिरत्या खोल्या. कलासमीक्षक निकोलाय पूनिनने १९२० मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेनुसार सर्वांत खालचा घन वर्षातून एक फेरी घेणार, त्यावरचा पिरॅमिड महिन्यातून एक आणि त्याच्यावरचा सिलिंडर दिवसातून एक. घनाचा वेग म्हणजे दिवसाला जवळजवळ एक अंश, पृथ्वी सूर्याभोवती सरकते तोच. इमारत फिरवणे अशक्य नाही. इटलीत व्हेरोनाजवळ १९२९ ते १९३५ दरम्यान बांधलेले एक घर सुमारे १,५०० टनांचे असून ९ तास २० मिनिटांत पूर्ण फेरी घेत असे.

मग अवघड काय? माझ्या मते, फिरणे इतके संथ असणे. घन ज्या गोल रुळावर बसेल त्याची त्रिज्या १५ मीटर धरा. परीघ होतो ९४ मीटर, वर्षभरात एवढेच अंतर, म्हणजे तासाला जेमतेम एक सेंटिमीटर. इतक्या कमी वेगात घर्षण सलग राहात नाही. चाक अडकते, जोर साठतो, मग ते झटक्याने सुटते. त्यात थंडी आणि उन्हाळा मिळून ६० अंश सेल्सिअसचा फरक पडला तर ४०० मीटर लोखंडाची लांबी जवळजवळ २९ सेंटिमीटरने कमीजास्त होते. म्हणजे रूळ ज्या सांगाड्यावर टेकलेला आहे त्याचीच हालचाल घनाच्या दिवसभराच्या प्रवासापेक्षा मोठी ठरू शकते. आणि पाण्याचे नळ, विजेच्या तारा फिरत्या खोलीत न्यायच्या कशा, हा प्रश्न वेगळाच.

पूनिनच्या पुस्तिकेतला सर्वांत दूरदृष्टीचा तपशील मात्र भिंतींचा आहे. खोल्यांना काचेच्या दुहेरी भिंती असतील आणि मधली जागा थर्मासप्रमाणे निर्वात असेल, म्हणजे आतले तापमान राखणे सोपे जाईल, अशी ती कल्पना. भौतिकशास्त्र तिच्या बाजूने आहे. हवा नसली की वहन (स्पर्शातून उष्णता जाणे) आणि अभिसरण (हवेच्या हालचालीतून जाणे) थांबते, उरते फक्त प्रारण (किरणांतून जाणे). अडसर येतो तो वातावरणाच्या दाबाचा. एक चौरस मीटर काचेवर बाहेरून सुमारे १० टन भार पडतो आणि आत परतून ढकलायला काहीच नसते. थर्मासची बाटली गोल असल्याने तगते. सपाट काच आत वाकून फुटेल.

यावर उत्तर सापडायला जवळपास ७० वर्षे लागली. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये वापरता येण्याजोगी निर्वात काच तयार केली आणि १९९० च्या दशकात जपानमध्ये ती विक्रीला आली. दोन काचांमधली फट मिलिमीटरच्या काही दशांश एवढीच, आणि त्या फटीत साधारण दोन-दोन सेंटिमीटर अंतरावर जेमतेम दिसणारे चिमुकले खांब. दाब ते पेलतात. त्यांच्यातून थोडी उष्णता निसटतेच, म्हणून खांब किती आणि किती जाड हे काच वाकू न देणे आणि उष्णता अडवणे यांची सांगड घालून ठरवावे लागते. तातलिनचा घन आणि पिरॅमिड यांच्या सपाट भिंती आज अशा काचेच्या करता येतील. सिलिंडरसाठी मात्र गोलाई सोडून सपाट फलकांचा बहुभुज करणे हाच सोपा मार्ग दिसतो.