शेततळ्यातलं औषध संपलं की नुसतं बदललं?

फवारणी झाली, पंप धुतला, ते पाणी ओघळत शेततळ्यात गेलं. आठवड्याने वास येईनासा झाला म्हणून औषध संपलं, असं धरून चालू नका. ते मोडतं तेव्हा त्यातून दुसरं काहीतरी तयार होतं, आणि आमच्या प्रयोगशाळेत आम्ही दोन्ही मोजतो.

काही औषधांवर अतिनील प्रकाश टाकला की ती स्वतःचा वेगळा प्रकाश बाहेर टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. कार्बारिल या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. त्यावर भारतात २०१८ पासून बंदी आहे, पण समजायला याहून सोपं औषध नाही. २८० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) प्रकाश दिला की ते ३३५च्या आसपास चमकतं. पाण्यात मोडून त्याचं १-नॅफ्थॉल होतं. ते अल्कधर्मी पाण्यात ४६०च्या आसपास निळं चमकतं. कुठल्या तरंगलांबीला किती चमक आहे, याच्या आलेखावर एक डोंगर बसत जातो, दुसरा वर येतो. ठरावीक वेळाने दोन्ही मोजले की मोडण्याचा वेग कळतो.

हा वेग सामूवर (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्यावर) फार अवलंबून असतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर निम्मं कार्बारिल मोडायला सुमारे १२ दिवस लागतात. सामू ९ असेल तर जेमतेम ३ तास! म्हणून सामू तळ्याच्या काठावरच मोजा आणि बाटलीवर लिहा.

बाटली तपकिरी काचेची हवी, काठोकाठ भरलेली, बर्फात ठेवलेली. एका नमुन्यात ४३०जवळ भलामोठा डोंगर दिसला आणि आम्हीच चक्रावलो. चौकशी केली तर बाटली कपड्यांच्या पावडरीने धुतलेली! कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत जे घालतात, तेच चमकत होतं. बाटली नुसत्या पाण्याने विसळा, मग तळ्याच्याच पाण्याने दोनदा.

कुजलेल्या पाल्याचं पिवळसर पाणीही ४०० ते ५००च्या दरम्यान चमकतं, म्हणजे नेमकं नॅफ्थॉलच्या डोंगरावर चढून बसतं. नुसतं गाळून ते जात नाही. त्यामुळे फवारणीआधीची एक बाटली वेगळी आणा. तिचा आलेख आम्ही वजा करतो.

मोनोक्रोटोफॉस, ग्लायफोसेट मुळात चमकतच नाहीत. त्यांच्यासाठी आमच्याकडे येऊन पैसे घालवू नका. पिण्याच्या पाण्याच्या दाखल्यालाही ही तपासणी पुरत नाही; तिथे प्रत्येक औषध वेगळं ओळखणारं, मास स्पेक्ट्रोमीटरसारखं यंत्र लागतं.

शनिवारी दुपारनंतर नमुना आणू नका. रविवारी यंत्र बंद असतं, आणि बाटलीतलं औषध मोडतच राहतं.